पंचवीस शब्दांचा दगड

एखाद्या खेळातील काल्पनिक वस्तूवर टीकालेख लिहावयाचा म्हणजे आरंभी थोडी क्षमायाचना करावी, असा शिष्टाचार आहे. ती मी करणार नाही. ज्या वस्तूविषयी येथे लिहावयाचे आहे तिचे सारे अस्तित्व एका इंग्रजी पुस्तकातील एका लहानशा परिच्छेदात आहे. तो परिच्छेद वाचून चारपाच माणसे मेजाभोवती बसली आणि बोलू लागली म्हणजे तेवढ्या वेळापुरती ती वस्तू खरी होते; दिवे मालवून मंडळी उठली की पुन्हा छापील अक्षरांत जाऊन बसते. जी वस्तू शब्दांनीच घडते व शब्दांनीच चालते, तिचा विचार साहित्याच्या नियतकालिकात करावयाचा नाही तर कोठे करावयाचा?

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून तो प्रथम प्रसिद्ध झाला. खेळाची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. एक जण सूत्रधार होतो. (इंग्रजीत त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात, पण आपल्या रंगभूमीवरचा हा जुना शब्द त्याला इतका चपखल बसतो की दुसरा शोधण्याचे कारण नाही.) तो प्रसंग उभा करतो, इतर मंडळी एकेक पात्र धारण करून आपण काय बोलतो, काय करतो ते सांगतात, आणि जेथे यशापयशाचा निर्णय बुद्धीने लागत नाही तेथे फासे टाकावयाचे. नाटक आहे, पण संहिता नाही. कथा आहे, पण तिचा शेवट सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतो. नियमांची पुस्तके मात्र जाडजूड आहेत. शासकीय नियमपुस्तिका वाचण्यात ज्यांचे दिवस जातात त्यांना ती परकी वाटणार नाहीत. तीच कलमे, तीच पोटकलमे, तोच ‘परंतु’.

२०१४ मध्ये या खेळाची पाचवी आवृत्ती निघाली. सूत्रधारासाठी असलेल्या त्या वर्षीच्या ग्रंथात ‘सेंडिंग स्टोन्स’ नावाची एक वस्तू आहे. ‘संदेशपाषाण’ म्हटले तर देव्हाऱ्यातील शाळिग्राम डोळ्यांसमोर येतो, ‘शिळा’ म्हटले तर अहल्या. मूळ वर्णनात हे दोन गुळगुळीत दगड आहेत, आणि त्यांची जोडी पाहताक्षणी ओळखू यावी म्हणून दोहोंवर एकमेकांशी जुळणारे कोरीव काम आहे. नदीकाठी सापडतो तसा, मुठीत मावणारा गोटा. आमच्या मेजावर ‘जोडगोटे’ हा शब्द पडला आणि तोच येथे ठेवतो.

एक गोटा एकाजवळ, दुसरा दुसऱ्याजवळ. गोट्याला स्पर्श करून आपण पंचवीस किंवा त्याहून कमी शब्दांचा निरोप धाडावयाचा. दुसरा गोटा ज्याच्याजवळ असेल त्याच्या मनात तो उमटतो. तो आपल्याला ओळखत असेल तर निरोप कोणाचा हेही त्याला उमगते. आणि त्याला लगेच, तशाच रीतीने, उत्तर देता येते. अंतराची अट नाही. एकदा निरोप गेला की दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत दोन्ही गोटे निकामी. दुसरा गोटा कोणाजवळच नसेल, तर वापरणाऱ्याला ते तत्क्षणी कळते व निरोप खर्ची पडत नाही. जोडीतील एक नष्ट झाला तर दुसरा साधा दगड होऊन राहतो. एवढेच. ग्रंथात याला ‘असाधारण’ म्हणजे उतरंडीतील खालून दुसरी पायरी दिलेली आहे. राजेमहाराजेच बाळगतील अशी ही चीज नव्हे, मधल्या दर्जाच्या माणसाच्या नशिबीही ती येऊ शकते.

गोट्यामागे जो मंत्र आहे तो या गोट्यांहून जुना. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो म्हणावयास दहा मिनिटे लागत; २०१४ मध्ये ते काम एका क्षणावर आले. पण दोन्ही आवृत्त्यांत शब्दांची मर्यादा पंचवीसच आहे आणि दोन्हींत मांत्रिकाजवळ एकच सामग्री असावी लागते: बारीक तांब्याच्या तारेचा लहानसा तुकडा. घुबडाची पिसे, वटवाघळाची विष्ठा अशा सामग्रीच्या यादीत हा तारेचा तुकडा वाचून मी थोडा वेळ थांबलो. नियमकर्त्याने येथे डोळा मिचकावला आहे यात शंका नाही. मध्ययुगीन जादूच्या पोतडीत त्याने तारखात्याचा अवशेष ठेवून दिला.

आता तुलनेकडे वळू. दूरवर बोलणारा दगड म्हटला की इंग्रजी वाचकाला प्रथम टोल्कीन आठवतो. त्याच्या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीत ‘पलांतीर’ नावाचे सात स्फटिकगोल आहेत. त्यांतून दूरचे दिसते आणि एका गोलासमोरचा मनुष्य दुसऱ्या गोलासमोरच्या मनाशी बोलू शकतो. टोल्कीनची प्रतिभा ही की या गोलांनी कधीही खोटे दाखविले नाही आणि तरी त्यांनी जवळजवळ प्रत्येकाचा घात केला. डेनेथोर हा गोंडोरचा कारभारी (राजा नसलेल्या राज्याचा प्रभारी अधिकारी म्हणू या) आपल्या गोलात काळ्या शिडांचा ताफा नदीतून वर येताना पाहतो. ताफा खरा आहे. पण त्यात शत्रू नसून साह्याला येणारा अ‍ॅरागॉर्न आहे, हे गोल सांगत नाही. डेनेथोर निराश होऊन स्वतःची चिता रचतो. याउलट पिपिन हा अल्लड हॉबिट चोरून गोलात डोकावतो तेव्हा फसतो तो पलीकडचा साउरॉन. हा गोल सारुमानच्या मनोऱ्यात आहे, तेव्हा त्यासमोर दिसणारा हॉबिट सारुमानच्या कैदेत असणार, असा तर्क तो करतो. तर्क शुद्ध आहे. फक्त गोल मनोऱ्यातून बाहेर फेकला गेला आहे हे त्याला ठाऊक नाही.

टोल्कीनने नेमके वर्म धरले आहे. दूरचा संदेश नेणाऱ्या साधनाविषयी खरा प्रश्न ते किती दूर पोचते हा नसतो. पलीकडे कोण आहे, हा असतो. जोडगोट्यांच्या कर्त्याने टोल्कीनकडून काय घेतले व काय टाकले हे पाहण्यासारखे आहे. दृश्य त्याने टाकले. वैभव टाकले, सातांऐवजी दोन, स्फटिकाऐवजी दगड. पण पलीकडे कोण, ही शंका त्याने राखली, आणि तीही एका शब्दाच्या फरकाने. मूळ मंत्राने निरोप जातो तो आपल्या परिचयाच्या व्यक्तीला. गोट्याने निरोप जातो तो दुसरा गोटा ‘बाळगणाऱ्याला’. मंत्र माणसाला ओळखतो. गोटा फक्त मूठ ओळखतो. चोराने खिशातून काढला, सावकाराकडे गहाण पडला, पोराने खेळायला घेतला, की निरोप त्याला. आणि उत्तर? पाठविणाऱ्याने ऐकलेले उत्तर कोणाचे, हे त्याला उमगते की नाही, याविषयी नियम मौन पाळतो. ऐकणारा पाठविणाऱ्याला ओळखतो, एवढेच लिहिलेले आहे. हे मौन अनवधानाने राहिले असेल. तथापि टीकाकाराने कर्त्याच्या हेतूपेक्षा कृतीतील फलाकडे पाहावे, आणि फल असे की प्रत्येक निरोप विश्वासावर धाडावा लागतो. या मौनाकडे लेखाच्या शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

आता पंचवीस शब्दांविषयी.

तारेची आठवण येथे अपरिहार्य आहे. आपल्या देशातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. परमुलुखात नोकरी करणाऱ्या घरांत ‘तार’ या शब्दाला जो धसका चिकटला होता, तो मी लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून अनुभवला. तार आली म्हणजे फोडण्यापूर्वीच कोणी तरी रडू लागे. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे शब्द गिळीत. वरवर पाहता पंचवीस शब्दांचे बंधन हे त्याचेच रूप वाटेल. पण एक भेद आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. तारेतील शब्द महाग होते, मर्यादित नव्हते. ज्याच्या खिशात पैसे त्याची तार लांब. गोट्यापुढे सम्राट आणि हमाल दोघांनाही पंचवीसच. ज्या रचनेत बंधन पैशाचे असते तेथे काटकसर दिसते. ज्या रचनेत बंधन आकृतीचे असते तेथे कला संभवते. चौदा ओळींचे सुनीत लिहिणारा कवी पंधरावी ओळ विकत घेऊ शकत नाही. केशवसुतांनी ही आकृती मराठीत आणली तेव्हा ती परकी व जाचक आहे असे वाटणारे लोक असतीलच. पुढे तिच्यात मराठी मन किती सहजपणे वावरले ते आपण जाणतो.

याच्या उलट टोकाला आपला यक्ष. तोही परमुलुखात धाडलेला नोकर. कर्तव्यात प्रमाद झाला म्हणून कुबेराने त्याला वर्षभरासाठी रामगिरीवर पाठविले. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. म्हणजे बदली झाली ती आपल्याच मुलखात, एवढे समाधान! हा यक्ष मेघाला सारा पूर्वमेघ वाट सांगण्यात घालवितो, उत्तरमेघात अलका व घर यांचे वर्णन करतो, आणि खुद्द निरोपाला अगदी अखेरीच्या मोजक्या श्लोकांत येतो. मेघाकडून तत्काळ उत्तर येण्याची सोय नाही. तत्काळ उत्तराची आशा नाही म्हणूनच शब्दांना अंत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. जोडगोट्यात उत्तर तत्काळ येणार असते. म्हणून तेथे शब्द आवरतात. एका साधनात विरह शब्दांत पसरतो, दुसऱ्यात तो शब्दांच्या मधल्या जागेत दाटतो.

आणि चांगदेव? त्याला तर पंचवीस शब्दही सुचले नाहीत. ज्ञानदेवांना वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हा मायना सुटेना, म्हणून त्याने कोरा कागदच पाठविला, अशी परंपरागत कथा आहे. उत्तर आले ते पासष्ट ओव्यांचे. शून्य शब्दांच्या पत्राला इतके समृद्ध उत्तर मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. जोडगोट्याच्या नियमात ‘पंचवीस किंवा त्याहून कमी’ असे आहे. ‘त्याहून कमी’ म्हणजे किती कमी, हे कोणी आजमावून पाहिले पाहिजे.

खेळाच्या मेजावर मात्र बहुधा उलट घडते. माणसे पंचविसांची सीमा ओलांडतात. अमेरिकेतील ‘क्रिटिकल रोल’ या नावाने प्रसिद्ध असलेली नटमंडळी हा खेळ कॅमेऱ्यासमोर खेळतात. त्यांच्या २०१८ ते २०२१ या काळात चाललेल्या दुसऱ्या कथामालिकेत लॉरा बेली या अभिनेत्रीने जेस्टर नावाची एक खट्याळ पुजारीण उभी केली. तिच्यापाशी गोटा नव्हता, मंत्रच होता; पण बंधन तेच. ही जेस्टर बोटांवर शब्द मोजीत निरोप सुरू करते, पाल्हाळात शिरते, आणि मुद्द्यावर येता येता पंचवीस संपून वाक्य मध्येच तुटते. प्रेक्षक हसतात. मीही हसलो. पण थोड्या वेळाने लक्षात आले की या तुटलेल्या वाक्यांतूनच त्या पात्राचा स्वभाव आपल्याला कळला आहे: एकटी वाढलेली, बोलण्याची भुकेली, कोणी ऐकत आहे याचाच आनंद इतका की सांगावयाचे काय तेच विसरणारी. नियमाने पात्र घडविले. चांगल्या छंदाने कवितेचे जे होते तेच येथे झाले.

आता एक अडचण सांगितली पाहिजे, जिचा विचार इंग्रजी नियमकर्त्याला शिवण्याचे कारण नव्हते. शब्द म्हणजे काय? आम्ही हा खेळ शनिवारी संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या सरकारी क्वार्टरात मराठीत खेळतो. आमच्यात एक हिंदीभाषक गृहस्थ आहेत. ते मराठी चांगले समजतात, पण बोलतात हिंदीतच. माझे पात्र एका टोळीबरोबर दूर गेले होते. घरी बहिणीजवळ दुसरा गोटा होता. एका रात्री मी पुढील निरोप धाडला:

‘नदीपलीकडच्या गढीत पोहोचलो. वाटेत दोघे जखमी, एक गेला. पूल तुटला आहे. धान्य तिसऱ्या दिवसापर्यंत पुरेल. तू येऊ नकोस. आईला सांगू नकोस. उत्तर दे. मी बरा.’

मोजून पंचवीस. सूत्रधाराने मान डोलावली. हिंदीभाषक गृहस्थांनी मात्र हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की हेच आरंभीचे वाक्य त्यांना ‘नदी के पार की गढ़ी में पहुँच गया’ असे म्हणावे लागेल, आणि ते होतात आठ शब्द. माझे झाले तीन. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात, हिंदीत नामापुढे ती सुटी राहतात, हा काय न्याय? त्यांची हरकत बिनतोड होती. इंग्रजीत हेच वाक्य तारेच्या तोडक्या भाषेत लिहिले तरी चार शब्द लागतील. शिवाय ‘पोहोचलो’ या एका क्रियापदात सांगणारा मीच आहे आणि पुरुष आहे, हेही येऊन जाते. त्या रात्री कित्येक वेळ खेळ राहिला बाजूला आणि मंडळी व्याकरणात शिरली. निरोप मनात ऐकू येतो, कागदावर उतरत नाही. मग जोडून लिहिणे व तोडून लिहिणे हा भेद तेथे मोजावयाचाच कशाला, असे एकाने विचारले. दुसऱ्याने सुचविले की मराठीसाठी मर्यादा अठरावर आणावी. लेखापरीक्षेच्या आक्षेपांना उत्तरे देण्यात ज्यांचा आठवडा जातो त्यांनी शनिवारीही तेच करावे, हा दैवदुर्विलास. अखेर प्रत्येकाने आपापल्या भाषेच्या लिहिण्याच्या रीतीने मोजावे असे ठरले, आणि त्या सद्गृहस्थांनी उदारपणे ते मान्य केले.

वादाचे तात्पर्य काहीही असो, या निमित्ताने मराठीचा एक गुण मला प्रथमच हाताला लागल्यासारखा जाणवला. आपली भाषा नात्यांचे ओझे शब्दाच्या शेपटीला बांधते. ‘नदीपलीकडच्या’ या एका शब्दात नदी आहे, तिचा पैलतीर आहे आणि तेथल्या कशाशी तरी असलेला संबंध आहे. रोज टिप्पण्या लिहिताना हे लक्षात येत नाही, कारण तेथे शब्द फुकट असतात.

माझ्या निरोपात दोन शब्द वाया गेले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले: ‘उत्तर दे’. नियमाप्रमाणे उत्तर आले तर लगेचच येते. मागण्याने ते येत नाही. पत्रे व तारा यांच्या सवयीने ते दोन शब्द हातून सुटले. त्या दोन शब्दांत दुसरे काय सांगता आले असते याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. मेलेल्याचे नाव सांगता आले असते. ‘एक गेला’ एवढ्यावर ज्याच्या घरी रात्र काढावी लागली असेल, त्याच्याविषयी मी लिहिताना विचार केला नव्हता. काल्पनिक माणसांविषयी असा पश्चात्ताप व्हावा, हेच वाङ्मयाचे लक्षण नव्हे काय?

नियमांतील दोषांकडे आता थोडक्यात.

‘दुसरा गोटा कोणाजवळच नसेल तर ते तत्क्षणी कळते’ हे कलम मला प्रारंभी कलाहीन वाटले. पत्राची खरी यातना उत्तर न येण्यात असते. पोचले नाही, की पोचूनही उत्तर लिहिले नाही, की लिहिणारा राहिला नाही? ही तिहेरी अनिश्चितता म्हणजे विरहकाव्याचे अर्धे भांडवल. नियमकर्त्याने ते एका वाक्यात बुडविले. खेळाडूची चाल फुकट जाऊ नये, एवढ्याच सोयीसाठी हे केलेले दिसते. परंतु मेजावर हे कलम एकदा वापरात आले तेव्हा माझे मत पालटले. ‘कोणाजवळ नाही’ एवढेच कळते. का नाही, हे कळत नाही. बाळगणारी मेली, की तिने गोटा फडताळात ठेवून दिला, की रागाने विहिरीत टाकला? अनिश्चितता गेली नाही, फक्त जागा बदलून बसली. शिवाय येथे निरोप खर्ची पडत नसल्यामुळे पुन्हा पाहता येते, घटकाभराने पुन्हा, मध्यरात्री पुन्हा. टपालाची वाट पाहणाऱ्याला निदान पोस्टमनची वेळ ठाऊक असते.

पहाटेचे कलम निर्दोष आहे, आणि त्यातील एक खोच सहसा ध्यानात येत नाही. निरोप कोणीही धाडो, दोन्ही गोटे पहाटेपर्यंत मुके होतात. म्हणजे दोघांत मिळून दिवसाला बोलण्याचा आरंभ एकदाच. सकाळी बायकोने घरातून चौकशी केली तर संध्याकाळी नवऱ्याला आपणहून बोलता येणार नाही. त्याला जे सांगावयाचे ते तिला उत्तर देतानाच, आयत्या वेळी, सांगून टाकले पाहिजे. आधी कोणी बोलावयाचे हा जुना प्रश्न नियमात असा गुंफला गेला आहे. मी तर म्हणेन, या वस्तूचे सारे नाट्य या एका कलमात आहे, आणि त्याचा उपयोग करून घेणारा सूत्रधार विरळा.

ज्याविषयी मात्र माझी तक्रार कायम आहे ते २०२४ च्या सुधारित नियमांत आलेले नवे कलम. ज्याला निरोप मिळाला तो आता मंत्राची वाट आठ तास अडवून ठेवू शकतो. त्या अवधीत पुन्हा निरोप धाडला तर वाट अडविली असल्याचे धाडणाऱ्याला कळते. गोटा तोच मंत्र चालवितो, तेव्हा त्यालाही हे लागू व्हावे. यामागील हेतू सज्जनपणाचा आहे. नको असलेल्या माणसाने मनात शिरू नये. पण हे कलम मोबाईल फोनच्या जगातून थेट उचलून आणले आहे आणि ते तसे दिसते. तांब्याच्या तारेचा तुकडा हा विनोद होता, कारण तो आपण विनोद आहोत हे जाणून होता. हे आठ तासांचे कलम मात्र गंभीर चेहऱ्याने उभे आहे. आठ तास म्हणजे तर कचेरीची एक पाळीच!

हाताशी फोन असताना, त्यात आईचा चेहरा रोज रात्री दिसत असताना, प्रौढ माणसांनी पंचवीस शब्दांच्या दगडात रमावे याचे एखाद्या वाचकाला नवल वाटेल. मला वाटत नाही. त्या रोजच्या संभाषणात आम्ही काय बोलतो ते आठवून पाहावे. पाऊस, गॅस सिलिंडर, कोणाचे लग्न ठरले, गुडघा कसा आहे. वेळेची मर्यादा नाही, म्हणून काहीच सांगावे लागत नाही. उद्याही फोन आहेच. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्या सुखासाठी आमच्या वडिलांच्या पिढीने काय मोजले असते ते मी जाणतो. पण ‘मी बरा’ हे दोन शब्द फोनवर मी गेल्या कित्येक वर्षांत इतके निवडून उच्चारलेले नाहीत.

माझ्या त्या निरोपाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले आहे. सूत्रधाराचे काम करणारे आमचे सहकारी दिवसा वेतनदेयके तपासतात. वाङ्मयाची विशेष आवड त्यांना असल्याचे त्यांनी कधी दाखविले नाही. माझा पंचविसावा शब्द संपला आणि त्यांनी थोडा वेळ काहीच म्हटले नाही. समोरचा चहा एक घोट घेतला. बहिणीचे उत्तर येईल म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. वैद्य कोठे मिळेल, कुमक केव्हा निघेल, हे ती सांगेल अशी माझी अपेक्षा होती. मग ते सावकाश म्हणाले, की तुमच्या मनात उत्तर उमटते आहे. ते तीन शब्दांचे आहे.

‘कळले. जेवलास का?’

गोटा कोणाच्या मुठीत आहे हे त्यांनी सांगितले नाही, आणि नियमाप्रमाणे सांगावयाचे कारणही नव्हते. मेजावर कोणी बोलेना. ‘आईला सांगू नकोस’ हे चार-पाच वाक्यांपूर्वीचे शब्द माझ्याच अक्षरात समोरच्या कागदावर होते. हिंदीभाषक गृहस्थांनी, बोटे मोजण्यासाठी उचललेला हात खाली ठेवला. मी काही तरी सांगावयास तोंड उघडले, तेव्हा सूत्रधाराने हळूच आठवण दिली की आता पहाटेपर्यंत नाही.